परक्या गटात आपल्या वाचनालयाची पत्रिका

प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे. आमच्या कार्यकारिणीत यंदा एक तरुण सदस्य आला आणि प्रसिद्धीचे काम आम्ही त्याच्याकडे सोपवले. त्याने उत्साहाने वाचनालयाचे फेसबुक पान आणि इन्स्टाग्राम खाते उघडले, नोंदवहीतील सुमारे चारशे सभासदांचे मोबाइल क्रमांक घेऊन व्हॉट्सअ‍ॅप गट तयार केला आणि वसंत व्याख्यानमालेची पत्रिका गावातील पंधरा-वीस गटांवर आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ पाठवली. दोन गटांनी त्याला काढून टाकले. एका सोसायटीच्या गटावर तर आमचेच आजीव सभासद असलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘वाचनालयाला एवढेही कळू नये का’ असे सर्वांदेखत सुनावले, कारण तासाभरापूर्वीच त्या गटावर एका रहिवाशाच्या निधनाची बातमी आली होती. त्याच सुमारास एका वाचकाने फेसबुक पानावर लिहिले की दिवाळी अंक मार्चपर्यंत हाती पडत नाहीत आणि अभ्यासिकेतील मुलींचे स्वच्छतागृह दोन महिने बंद आहे. आमच्या कोषाध्यक्षांनी ती प्रतिक्रिया काढून टाकली. तिचा स्क्रीनशॉट मग गावभर फिरला. आता अध्यक्ष म्हणतात, हे सगळे बंद करा, दारातला फळा पुरेसा आहे. तरुण सदस्य विचारतो, मग नवे वाचक येणार कुठून? मला दोघांचेही पटते. संस्थेने या माध्यमांवर कसे वागावे याची काही रीत आहे का?

— एक कार्यवाह

उत्तर

तुमच्या पत्रात तीन प्रकार आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी मला एकच चूक दिसते. जे वाचनालयाचे नव्हते ते वाचनालयाने आपले समजून वापरले. सोसायटीचा गट तिथल्या रहिवाशांचा होता, नोंदवहीतील क्रमांक सभासदांचे होते आणि फेसबुक पानावरची तक्रार ती लिहिणाऱ्या वाचकाची होती. हेतू चांगला होता याबद्दल शंका नाही. व्याख्यानमालेला गर्दी व्हावी असे वाटण्यात गैर काय आहे? परंतु चांगल्या कामासाठी निघालेल्या संस्थांच्या हातूनच हा प्रमाद अधिक घडतो, कारण आपले काम समाजाच्या भल्याचे आहे म्हणजे समाजाने ते ऐकून घेतलेच पाहिजे, असे त्या नकळत गृहीत धरतात. साबण विकणाऱ्याला निदान आपण विकायला आलो आहोत याची जाणीव असते.

अध्यक्षांच्या म्हणण्याचा विचार आधी करू. फळा जरूर ठेवावा, पण फळा वाचतो तो वाचनालयाची पायरी चढलेला माणूस. ज्याला वाचनालय अजून चालू आहे हेच ठाऊक नाही, किंवा जी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला गावात जागा शोधत आहे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. शासनाच्या अनुदानावर आणि गावाच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने आपल्या कामाची माहिती गावाला देणे हा तिच्या जबाबदारीचाच भाग आहे. त्यामुळे तरुण सदस्याचा मुद्दा बरोबर आहे; त्याची पद्धत तेवढी बदलायला हवी.

गटांपासून सुरुवात करतो. गावातील प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गट कोणत्या ना कोणत्या कारणाने जमलेला असतो. पाण्याच्या वेळा कळाव्यात म्हणून सोसायटीचा गट असतो, दहावीच्या जुन्या तुकडीचा असतो, किराणा व्यापाऱ्यांचा असतो, भजनी मंडळाचा असतो. तुमचा सदस्य त्यातील बहुतेक गटांत रहिवासी, माजी विद्यार्थी किंवा कोणाचा तरी नातेवाईक म्हणून असणार. वाचनालयाचा प्रतिनिधी म्हणून त्याला तिथे कोणी घेतलेले नव्हते. ज्या नात्याने आपल्याला आत घेतले त्या नात्याबाहेरचे काम तिथे करायचे असेल, तर गटाच्या अ‍ॅडमिनला आधी खासगीत विचारावे. ‘आमच्या व्याख्यानमालेची पत्रिका आपल्या गटावर एकदा टाकली तर चालेल का?’ एवढेच विचारायचे असते. बहुतेक जण हो म्हणतात, काही जण ती स्वतःच टाकतात, आणि अ‍ॅडमिनने टाकलेली पत्रिका लोक जास्त विश्वासाने उघडतात हा त्यातला वरकड लाभ. नकार आला तर कारण न विचारता तो मान्य करावा आणि पुढच्या वर्षीच पुन्हा विचारावे.

किती वेळा पाठवायचे, याचा हिशेब कडक असावा. परक्या गटात एका कार्यक्रमासाठी एकदा पत्रिका आणि, अ‍ॅडमिनची हरकत नसेल तर, आदल्या दिवशी एक ओळीचे स्मरण, याहून अधिक नको. आठवडाभर रोज दोन वेळा म्हणजे चौदा संदेश होतात, आणि चौदावा येईपर्यंत लोकांनी वाचनालयाचे नाव दिसताच बोट पुढे सरकवायची सवय लावून घेतलेली असते. तुम्ही ग्रंथालयाच्या कामातल्या आहात, म्हणून रंगनाथनांचा आधार घेतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले त्यांतील चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर कपाटांची मांडणी, तालिका आणि देवघेवीची खिडकी होती; पण शेकडो लोकांना नको असलेला संदेश रोज दोनदा पुसायला लावणे हाही त्याच नियमाचा भंग आहे असे मी मानतो.

हा मोह तसा नवा नाही. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना एकाच वेळी ई-मेल पाठवून आपल्या नव्या संगणकांचे प्रात्यक्षिक पाहण्याचे आमंत्रण दिले होते. तेही आमंत्रणच होते, आणि तरीही लोक चिडले, कारण ते जाळे त्या कामासाठी उभारलेले नव्हते. (योगायोग असा की तुमच्या गटातील सभासदांचा आकडाही चारशेच आहे.)

निधनवार्तेखाली पत्रिका गेली ती कोणी हेतुपुरस्सर टाकली नसणार. एकच संदेश एकामागून एक गटांकडे पुढे ढकलताना तिथे वर काय लिहिले आहे हे पाहिले जात नाही, आणि खरी अडचण तीच आहे. अफवांना आळा घालण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वाचनालयाने आपल्यापुरती ती एकावर आणावी. ज्या गटात संदेश टाकायचा तो गट उघडावा, शेवटचे दहा-बारा संदेश वाचावेत आणि तिथल्या लोकांना उद्देशून एक ओळ स्वतः लिहून मग पत्रिका जोडावी. दुःखाची बातमी असेल तर त्या दिवशी काहीच टाकू नये. पाण्याच्या टँकरवरून भांडण जुंपलेले असेल तर तेव्हाही टाकू नये. त्या गदारोळात तुमचे वक्ते कोणी वाचणार नाही.

पत्रिकेच्या स्वरूपाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण आपल्याकडील पत्रिका हा स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे. वर दीपप्रज्वलनाचे चित्र, दोन्ही बाजूंना पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, खाली ‘निमंत्रक’ म्हणून आणखी बारा नावे, आणि वक्त्याचे नाव, विषय व वेळ मात्र भिंगातून शोधावी लागते. पाहणाऱ्याला हवे असते ते इतकेच: कोण बोलणार, कशावर, कोणत्या तारखेला आणि वारी, किती वाजता, कुठे आणि प्रवेशमूल्य आहे का. हे सर्व चित्राबरोबर साध्या मजकुरातही टंकून द्यावे. फोनमधील वाचून दाखवणाऱ्या सुविधेवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन व्यक्तीला चित्रातील अक्षरे बहुधा नीट ऐकू येत नाहीत, आणि चष्मा घरी विसरलेल्या आजोबांनाही चित्र मोठे करून पाहण्यापेक्षा मजकूर सोयीचा पडतो. अलीकडे काही जण पत्रिकेचे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतात. तसे केले तर जोडाक्षरे आणि वेलांट्या डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात. ‘व्याख्यानमाला’ हा शब्द चुकीचा छापणाऱ्या वाचनालयाची चेष्टा झाली तर दोष चेष्टा करणाऱ्याचा नसतो.

चारशे क्रमांकांच्या गटाबद्दल मला अधिक काळजी वाटते, तुमच्या पत्रात मात्र त्याचा उल्लेख ओझरताच आहे. सभासदाने क्रमांक दिला तो पुस्तक परत करण्याची आठवण करून देण्यासाठी. तो परस्पर एका गटात घातल्यामुळे अभ्यासिकेत येणाऱ्या मुलींचे क्रमांक गावातील शेकडो अनोळखी लोकांना दिसू लागले. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागील एक मुख्य तत्त्व आहे. पण कायदा नसता तरी हे करण्यासारखे नव्हते. त्रास होऊनही लोक तोंडावर बोलत नाहीत. २०१९ पासून आपल्याला गटात कोण घालू शकेल हे ठरवण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते; आणि २०२२ पासून गट सोडल्यास ते केवळ अ‍ॅडमिनला कळते, तरी ‘वाचनालयाचा गट कसा सोडायचा’ या संकोचापोटी अनेक जण गटाचा आवाज बंद करून आत राहतात. तुम्हाला वाटते चारशे जण ऐकत आहेत. शिवाय ज्यांनी तुमचा क्रमांक साठवलेला नाही अशा अनेकांना एकगठ्ठा गटात घातले आणि त्यातील काहींनी तक्रार केली, तर खातेच बंद होण्याचा धोका असतो. भारतातील अशी लाखो खाती व्हॉट्सअ‍ॅप दर महिन्याला बंद करते आणि २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याचा मासिक अहवालही देते.

म्हणून त्या गटावर एक छोटा संदेश टाका: आपली परवानगी न घेता आपल्याला या गटात घेतले याबद्दल वाचनालय दिलगीर आहे, हा गट अमुक दिवशी बंद होईल, ज्यांना वाचनालयाच्या सूचना हव्या आहेत त्यांच्यासाठी हा दुवा. दुवा चॅनेलचा द्या. व्हॉट्सअ‍ॅपची चॅनेलची सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली; तिथे संस्था बोलते आणि ज्यांनी स्वतःहून नोंद केली ते ऐकतात, त्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत आणि कोणी मध्येच ‘सुप्रभात’ टाकू शकत नाही. (हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.) चॅनेल उघडण्याची ज्यांना सवय नाही अशा ज्येष्ठ सभासदांसाठी प्रक्षेपण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय) करता येते, एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी वाचनालयाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश जातो, त्यामुळे संमतीची खूण आपोआपच पटते. देवघेवीच्या खिडकीवर चॅनेलचा क्यूआर कोड चिकटवा आणि सभासदत्वाच्या अर्जात ‘कार्यक्रमांची माहिती मोबाइलवर हवी आहे / नको’ असा रकाना घाला. चारशेचे कदाचित दीडशे होतील. त्या दीडशेंना तुमचे ऐकायचे असेल.

काही वाचकांना आपसात पुस्तकांविषयी बोलायला गट हवा असतो. त्यांनी मागितला तर जरूर काढून द्या, पण तिथे वाचनालयाला एका विशेष संकटाला तोंड द्यावे लागेल, ते म्हणजे मराठी पुस्तकांच्या पीडीएफ. कोणी तरी सद्भावनेने चालू लेखकाची अख्खी कादंबरी गटावर टाकतो आणि तिच्याखाली पन्नास जण हात जोडतात. इतर कोणाच्या गटावर हे होणे वाईट. वाचनालयाच्या गटावर होणे म्हणजे आपणच ज्यांच्याकडून पुस्तके घेतो त्या प्रकाशक-लेखकांच्या पोटावर पाय देणे. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे हक्क टिकतो. १९०५ मध्ये निवर्तलेल्या केशवसुतांची किंवा १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींची मूळ पुस्तके त्यामुळे मोकळी आहेत. १९९९ मध्ये निधन झालेल्या कुसुमाग्रजांची नाहीत. २७ फेब्रुवारीला, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयाच्या पानावर त्यांची अख्खी कविता चित्रावर छापून स्वतःचे बोधचिन्ह लावण्याची प्रथा सर्वत्र आहे. दोन ओळी द्याव्यात, कविता कोणत्या संग्रहात आहे ते लिहावे आणि तो संग्रह वाचनालयाच्या कोणत्या कपाटात मिळेल हे सांगावे. वाचनालयाने करावे असे काम तेच आहे. ती ओळ खरोखर त्यांचीच आहे की समाजमाध्यमांनी त्यांच्या नावावर चढवली आहे, हे मात्र संग्रह उघडून पाहावे. पुस्तके हाताशी असणाऱ्या संस्थेला याबाबत सबब नाही.

सदस्यांनी टाकलेल्या मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला जबाबदार धरतात का, ही शंका कार्यकारिणीत कोणी तरी काढेलच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला आहे की सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी, त्यात अ‍ॅडमिनचा समान हेतू असल्याचे दिसत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन म्हणून त्याच्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही. यावर विसंबून डोळेझाक करू नये. न्यायालयात दोषमुक्त होणे वेगळे आणि गावात मान राखणे वेगळे; गटाचे चार नियम वर चिकटवून ठेवावेत आणि ते मोडणाऱ्याला खासगीत सांगावे, सर्वांसमोर नव्हे.

आता कोषाध्यक्षांकडे वळतो. त्यांनी काढून टाकलेल्या प्रतिक्रियेत शिवी नव्हती, खोटे नव्हते, कोणाचे नाव नव्हते. दोन तक्रारी होत्या आणि तुमच्या पत्रावरून दोन्ही खऱ्या दिसतात. खरी तक्रार पुसल्याने ती नाहीशी होत नाही. तक्रारीबरोबर ती पुसल्याची बातमीही फिरते, आणि दुसरी पहिलीपेक्षा अधिक वेगाने फिरते. मूळ प्रतिक्रिया तुमच्या पानाला भेट देणाऱ्या चाळीस-पन्नास जणांनी वाचली असती. स्क्रीनशॉट गावाने वाचला. याहून महत्त्वाचे म्हणजे तो वाचक वाचनालयाच्या पानावर येऊन, आपल्या खऱ्या नावाने, वाचनालयालाच सांगत होता. एवढी आस्था असलेला वाचक संस्थेला सहज मिळत नाही.

अशा वेळी उत्तर कसे असावे याचा एक नमुना देतो. ‘दिवाळी अंक उशिरा मिळतात ही तक्रार योग्य आहे. अंक दाखल करून घेण्याचे काम यंदा मागे पडले. उरलेले अंक येत्या सोमवारपासून देवघेवीत येतील. स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचे काम सुरू असून तोपर्यंत कार्यालयाशेजारचे स्वच्छतागृह मुलींसाठी खुले केले आहे. आपण लक्ष वेधले याबद्दल आभार. — कार्यवाह.’ यात सबबी नाहीत, तारीख आहे, तात्पुरती सोय आहे आणि खाली जबाबदार व्यक्तीचे पद आहे. अर्थात यातला प्रत्येक शब्द खरा असायला हवा; नळदुरुस्ती करणाऱ्याला अजून बोलावलेच नसेल तर आधी त्याला बोलवा, मग लिहा. नुसते ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असे लिहिण्यापेक्षा काही न लिहिलेले बरे, कारण त्या वाक्याचा अर्थ सरकारी कचेऱ्यांनी आपल्याला पुरता शिकवला आहे. उत्तर एकदाच द्यावे, फार तर दुसऱ्या शंकेला एकदा. त्यापुढे ‘कार्यालयात या, बोलू’ असे म्हणून थांबावे. आता झाले ते निस्तरायचे तर त्याच पानावर तुमच्या नावाने लिहा की ही प्रतिक्रिया काढायला नको होती, तिच्यातील मुद्द्यांवर हे काम झाले आहे, आणि त्या वाचकाची मुभा असेल तर मूळ मजकूर पुन्हा द्या.

पुसण्यासारखे काही नसतेच असे मी म्हणत नाही. शिवीगाळ, जातीधर्मावरून केलेली हेटाळणी, कोणाचा तरी फोन क्रमांक किंवा पत्ता, कर्जाच्या आणि नोकरीच्या फसव्या जाहिराती, हे सर्व काढावे; पण काय काढले जाईल हे पानावर आधीपासून लिहिलेले असावे, म्हणजे कोषाध्यक्षांच्या रागालोभावर काही अवलंबून राहणार नाही. अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी कोणी सुचवत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. तसेच कार्यकारिणीतील मंडळींनी आपापल्या खात्यांवरून, त्याहून वाईट म्हणजे टोपणनावाने, तक्रारदाराशी वाद घालू नये किंवा आपणच आपल्या व्याख्यानमालेची वाहवा करू नये. लहान गावात ही सोंगे संध्याकाळपर्यंत ओळखली जातात.

इन्स्टाग्राम खात्याविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, परंतु तिथे बालवाचकांची आणि उन्हाळी शिबिराची छायाचित्रे असणार असे मी धरून चालतो. मुलांचे छायाचित्र टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी; ती शिबिराच्या प्रवेशअर्जातच घेणे सोपे पडते, आणि संमती न देणाऱ्या पालकाच्या मुलाला शिबिरात कमीपणा वाटेल असे काही होऊ देऊ नये. वर सांगितलेल्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. छायाचित्राबरोबर मुलाचे पूर्ण नाव, शाळा आणि इयत्ता एकत्र देण्याची आपली जुनी बक्षीससमारंभी सवय सोडावी. अभ्यासिकेत मान खाली घालून बसलेल्या मुलामुलींचेही न विचारता छायाचित्र घेऊ नये. त्यातील काहींनी आपण परीक्षेची तयारी करत आहोत हे घरच्यांखेरीज कोणालाही सांगितलेले नसते, आणि निकालाच्या दिवशी त्यांना प्रश्न विचारणारे लोक वाढवण्याचा अधिकार वाचनालयाला नाही. ‘या महिन्याचे उत्तम वाचक’ जाहीर करतानाही कोणी कोणती पुस्तके नेली हे त्यांना विचारल्याशिवाय सांगू नये.

नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचनालयाच्या पानावर नकोत, कोणाच्याच नकोत. एकाला दिल्या की दुसऱ्याचे कार्यकर्ते विचारायला येतात, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनुदानित संस्थेच्या पानावरील जुने अभिनंदनही वाचकांच्या नजरेत भरते. कोणा पुस्तक विक्रेत्याने किंवा सराफाने व्याख्यानमालेला पैसे दिले असतील तर ‘या कार्यक्रमास अमुक यांचे अर्थसाहाय्य’ असे स्पष्ट लिहा. पैसे घेऊन केलेली शिफारस स्वतःच्या मनची असल्यासारखी मांडू नये, हे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी मंडळींसाठी मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. वाचनालयाला ते आधीपासून माहीत असायला हवे. पैसे देऊन अनुयायी वाढवून देणाऱ्यांचे संदेश तुमच्या सदस्याला आतापर्यंत आलेच असतील. ते अनुयायी वर्गणी भरायला येणार नाहीत.

मुख्याध्यापकांना फोन किंवा संदेश नको. तुम्ही आणि तरुण सदस्य दोघे त्यांच्या घरी जा. ते रागावले ते वाचनालय त्यांना आपले वाटते म्हणून. सोसायटीच्या गटावर सदस्याने दोन ओळींत दिलगिरी व्यक्त करावी आणि तिला कोणतीही पत्रिका जोडू नये. त्याच्याकडून काम मात्र काढून घेऊ नका. अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि तुम्ही यांपैकी कोणालाही हे काम त्याच्याइतके जमणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, आणि पहिल्याच वर्षी तोंडघशी पडलेला तरुण पुन्हा कार्यकारिणीच्या वाटेला जात नाही.

हे सगळे टिकायचे असेल तर खाती संस्थेच्या नावावर आणा. सध्या फेसबुक पान त्या तरुणाच्या वैयक्तिक खात्यातून आणि व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या स्वतःच्या क्रमांकावरून चालत असणार. उद्या त्याला पुण्यात नोकरी लागली की वाचनालयाचे पान त्याच्या खिशातून निघून जाईल. अनेक संस्थांची अशी अनाथ पाने फेसबुकवर आहेत, ज्यांवर तीन अध्यक्षांपूर्वीचे कार्यक्रम दिसतात आणि ज्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. वाचनालयाच्या नावाने एक स्वतंत्र सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅपची व्यवसायासाठीची आवृत्ती चालवा. तिच्यात वाचनालयाची वेळ, पत्ता आणि सुट्टीचा वार आपोआप कळवण्याची सोय आहे. गूगल नकाशावरील वेळही त्याच दिवशी दुरुस्त करा. फेसबुक पानावर किमान दोन पदाधिकारी प्रशासक ठेवा, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक सांकेतिक क्रमांक मागण्याची सोय) सुरू करा आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून कार्यालयाच्या कपाटात, जिथे बँकेची पुस्तके असतात तिथे ठेवा. पुढील सभेत ठराव करून इतिवृत्तात नोंदवा: संस्थेच्या नावाने कोण लिहील, तक्रारीला कोण उत्तर देईल, परक्या गटांत कोणाच्या परवानगीने पत्रिका जाईल, कोणत्या प्रतिक्रिया काढल्या जातील आणि पदाधिकारी बदलल्यावर किती दिवसांत किल्ल्या नव्यांच्या हाती दिल्या जातील. ठरावाचा मसुदा त्या तरुण सदस्यालाच करायला सांगा आणि सूचक म्हणून अध्यक्षांचे नाव घाला.